चक्की बंद असताना वाजवलेली धून

माणसाचा अपमान कुठे व्हावा याला काही सुमार असावा. माझा झाला तो बारशाला, पाळण्याच्या शेजारी, हातात घुगऱ्यांची वाटी असताना.

मुलुंडला माझ्या साडूंकडे ते बारसं होतं. साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आखातात नोकरीला होते. रजेवर आले की त्यांच्याबरोबर एक नवी वस्तू यायची आणि ती कशी चालवायची हे आम्हाला समजावण्यात त्यांची रजा संपायची. त्या वर्षी डेक आला होता. कॅसेट घातली की त्यावर हिरवे दिवे खालीवर नाचायचे. मी साकीनाक्याला स्टॅबिलायझर आणि एलिमिनेटर बनवायचो. दुसऱ्याच्या गाळ्यात तारा गुंडाळायला लागलो होतो, तिथून स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो, कुणाचा हात न धरता. ते दिवे का नाचतात हे मला साडूंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण?

पाळणा म्हणून झाला आणि साडूंनी एक परदेशी कॅसेट लावली. नुसती गिटार आणि मागे मंद साथ. गाणारं कुणी नाही. हे ब्लूज आणि जॅझच्या मधलं आहे, असं साडूंनी जाहीर केलं. पाहुणे घुगऱ्या चघळत आपापल्या गप्पा मारत राहिले. मी मात्र वाटी हातात धरून उभाच राहिलो, कारण ते वादन मला कळत होतं. तो माणूस चक्क भाव करत होता.

हे मी गमतीने लिहीत नाही. एक ओळ तो मागायचा. मग तीच ओळ जरा जोर देऊन पुन्हा मागायचा. आणि तिसऱ्या ओळीत आपणच थोडा खाली येऊन सौदा मिटवायचा. की परत पहिल्यापासून. त्यात गंधाराच्या आसपास एक सूर होता. तो कोमल नव्हता, शुद्धही नव्हता, दोन्हींच्या मधे लोंबकळत होता. तांब्याच्या तारेचे व्यापारी असे बोलतात. देतो म्हणत नाहीत, देत नाही असंही म्हणत नाहीत, आणि आपल्याला उठून जाता येत नाही. पुढे एके ठिकाणी तर गिटार पूर्ण थांबायची, फक्त साथ चालू राहायची. गिऱ्हाईक उठून दुकानाच्या पायरीपर्यंत जातं आणि मागून हाक येते का याची वाट बघतं, तसं.

मी म्हणालो, हे मी वाजवीन.

साडूंनी डेकचा आवाज कमी केला, पुढचं सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "तू भाव कर," ते म्हणाले. "तो तुझा प्रांत. याला कान लागतो."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली. घरी येताना ती म्हणाली की ते हसू नव्हतं, घुगरीचा ठसका होता. ठसक्याला दात दिसत नाहीत, एवढंच मी तिला म्हणालो.

मी बाजारातल्या गोष्टी बाजारात सोडतो, पण ही घरात झाली होती. साडू आखातात परत गेले, पुढची रजा वर्षाने. तेवढा वेळ माझ्या हातात होता. बायकोने बहिणीकडून त्या कॅसेटची कॉपी मागून आणली. गिटार मी कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. तो उमेदीत लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि आता बिऱ्हाड आवरत होता. गिटार मी शिकवणीसकट घेतली. नुसती गिटार त्याने स्वस्तात दिली असती, पण शिकवल्याशिवाय मी ती घराबाहेर नेणार नाही असं सांगून त्याच्या खाटेवर बसलो. त्याने कपाळावर हात मारला आणि पहिला धडा तिथेच दिला. पुढे तो मुलीकडे वसईला राहायला गेला आणि माझी शिकवणी अर्धी राहिली. तोही सौदा पुरा झालेला नाही. पण ते असो.

वर्षभरात धून बसली, एक तो लोंबकळणारा सूर सोडून. तार बोटाने ओढून तो काढायचा असतो. माझी तार एकतर कमी ओढली जायची, नाहीतर थेट पलीकडे पोचायची.

माझा बेत साधा होता. साडू रजा संपवून बुधवारी निघणार होते. आदल्या दिवशी, मंगळवारी, सगळ्यांना त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. तिथे माझं वादन त्यांच्याच डेकवर लावायचं, कुणाचं आहे ते सांगायचं नाही. त्यांना मान डोलवू द्यायची. एकदा वाहवा तोंडातून बाहेर पडली की कॅसेट काढून त्यांच्या हातावर ठेवायची. ज्या लोकांसमोर ते बोलले त्याच लोकांसमोर त्यांनी माझा हात मान्य करायचा. याहून जास्त मला काही नको होतं आणि याहून कमी मी घेणार नव्हतो.

रेकॉर्डिंगची रीत मी स्वतः बसवली. घरातल्या टेपवर आधी साथ वाजवून घ्यायची. मग ती साथ दुसऱ्या यंत्रावर चालू ठेवून तिच्यावर गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून पुन्हा टेपवर, दुसऱ्या कॅसेटवर उतरवायची. मधे मी ॲल्युमिनियमच्या डब्यात चार बटणं बसवून मिक्सर केला होता, कशाचा आवाज किती हे त्यावर ठरायचं. दुसरं यंत्र म्हणून एका गिऱ्हाइकाचा डेक होता. त्याने तो स्टॅबिलायझरबरोबर तपासायला ठेवला होता आणि मी तो मनापासून तपासत होतो. आमचा टेप जरा हळू फिरायचा आणि त्याचा डेक जरा भराभर. त्यामुळे साथ दुसऱ्या यंत्रात घातली की तिचा सूर वर चढायचा आणि मला गिटार पुन्हा लावून घ्यावी लागायची. त्याचं मला काही वाटलं नाही. कच्चा माल प्रत्येक हातात थोडा महाग होतोच.

खरी अडचण आवाजाची होती. आम्ही घाटकोपरला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. माइक चांगला होता, म्हणजे सगळंच ऐकायचा. पहिल्या प्रयत्नात गिटारीच्या मागे शेजारच्या मावशी खोबरं खवत होत्या. दुसऱ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त गिरणी कामगार आजोबा खोकत होते. तिसऱ्यात आमच्याच फळीवरचे पितळेचे डबे जाड तारेच्या सुराबरोबर झणझणत होते. आणि सगळ्यात खाली, रविवारी सकाळपासून, तळमजल्यावरची पिठाची चक्की. तिच्यामुळे आमची जमीनच एका सुरात असायची आणि तो सूर धुनेचा नव्हता.

बायको म्हणाली, चक्की गुरुवारी बंद असते, गुरुवारी वाजवा. मी म्हणालो, साडू बुधवारी जातात. शिवाय गुरुवारी गाळा बंद ठेवायचा म्हणजे माझं नुकसान. रविवारी चक्की बंद राहिली तर ते चक्कीवाल्याचं.

मग मी शांतता विकत घ्यायला निघालो. मी आयुष्यात तार घेतली आहे, पत्रा घेतला आहे, बुडीत गेलेल्या कारखान्याचं भंगार घेतलं आहे, पण एवढा चिवट माल दुसरा पाहिला नाही. प्रत्येकाला आपला आवाज फुकटचा वाटत असतो, गिऱ्हाईक दारात येईपर्यंत. मावशींना रविवारची दुपार गप्प बसण्याच्या बदल्यात आमच्या दारासमोरची गॅलरी हवी होती, कोकमं वाळवायला, पूर्ण उन्हाळा. वर त्यांनी आपण होऊन आम्हाला त्या दुपारी जेवण द्यायचं कबूल केलं, कारण आमचा स्टोव्ह फरफरतो म्हणून मी तो पेटवू देणार नव्हतो. आजोबांना रेडिओसाठी एलिमिनेटर हवा होता, म्हणजे सेलचा खर्च वाचतो. खोकला आवरेल का, असं विचारलं तर म्हणाले, तोंडावर पंचा धरून बसेन. पोरांना मैदानावर पिटाळलं. टीव्ही, रेडिओ, कॅरम, सगळ्यांशी एकेक करार झाला.

चक्कीवाला सगळ्यात महाग पडला. तो म्हणाला, "रविवारी चक्की बंद ठेवायला कोण मेलंय का?" मी म्हणालो, मोटर जळली तर पुढचं वाइंडिंग माझ्याकडे, फुकट. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, त्याच्या पुढचंसुद्धा. शेवटी दोन्ही वाइंडिंगं मान्य केली, पण बदल्यात अट घातली की त्या वेळात त्याने खाली उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलायचंही नाही. त्याच्या आवाजालासुद्धा मोटर लागते. हा सौदा जमला याचा मला इतका आनंद झाला होता की तो आधी काय बोलला ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्या चाळीची रीत मला ठाऊक होती. गुरुवार सोडला तर चाळीत कुणी गेलं तरच चक्की बंद व्हायची. पण ठाऊक असणं निराळं आणि आठवणं निराळं.

रविवारी जेवणवेळेच्या सुमाराला आम्ही खोली रिकामी केली. खाट करकरते म्हणून गॅलरीत काढली. डबे, पातेली, हंडा, जे जे झणझणेल ते सगळं बाहेर नेलं. खिडक्यांना आणि दाराला गोधड्या टांगल्या. कपड्यांच्या दोरीला माइक बांधला, तो दाराजवळ आला. बायकोला बाहेर बसवलं, कुणी करार मोडला तर खूण करायला. मावशींनी ठरल्याप्रमाणे जेवण गॅलरीत आणून ठेवलं, टोपभर पिठलं आणि भात. मी कडी घातली.

त्यानंतर बाहेर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. इथे सलग सांगतो.

मावशी आपल्या घरात गप्प बसू शकल्या असत्या. पण आपण गप्प बसायचं आणि समोरची बाई मात्र बोलणार, हे त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून नजर ठेवायला त्या आमच्या दारासमोर येऊन बसल्या. समोरची बाई मावशींवर नजर ठेवायला आली. आजोबा वर आले, कारण जिथे सगळे गप्प आहेत तिथे गप्प बसणं सोपं जातं. तोंडावर पंचा धरून ते भिंतीला टेकले, खोकला दाबून डोळ्यांत पाणी आलेलं. चपला बाहेर काढून बघता बघता सगळा मजला येऊन बसला. कुणी हूं का चूं करेना. माझी बायको पदराचा बोळा तोंडात घालून मान खाली घालून बसली होती. तिला हसू येत होतं. या वेळी ठसका नव्हता, हे तिने पुढे कबूल केलं.

खाली दळणाचे डबे घेऊन लोक आले तर चक्की बंद. चक्कीवाला बाहेर उभा, तोंडाला कुलूप. काय झालं विचारलं की तो फक्त बोट वर करायचा. करारानुसार त्याला तेवढंच करता येत होतं. लोकांनी वर पाहिलं. खाट बाहेर, भांडी बाहेर, चूल बंद, बिऱ्हाडकरू जमलेले, मधे पिठलं-भात, आणि म्हातारा माणूस पंच्यात तोंड लपवून बसलेला. कुणी विचारायचं काय राहिलं होतं? डबे तिथेच ठेवून माणसं जिना चढली आणि गप्प बसलेल्यांत सामील झाली. गल्लीत एक गृहस्थ होते, अशा वेळी ज्यांना सगळं माहीत असतं. ते वर न येता परस्पर बांबू आणि मडकं आणायला गेले.

समोरच्या वाण्याकडे फोन होता आणि सगळ्यांच्या नातेवाइकांचे नंबर त्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले होते. त्याने मुलुंडला साडूंना फोन लावला. गेल्याची बातमी आमच्याकडे फोनवर सांगत नाहीत. जरा बरं नाही, असाल तसे निघा, असं म्हणतात. तो तेवढंच म्हणाला. साडूही रीत जाणणारे. भरल्या ताटावरून उठले आणि ताईंना, म्हणजे बायकोच्या बहिणीला, घेऊन निघाले.

आत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त ऐकत होतो की काही ऐकू येत नाही. इतकी शांतता मी त्या घरात कधी अनुभवली नव्हती. स्वतःच्या बोटांची मलाच भीती वाटायला लागली. दोनदा सुरुवात बिघडली. तिसऱ्यांदा साथ सुरू केली, टेप चालू केला, आणि धून लागली. पहिली ओळ मागितली. दुसरी मागितली. सगळं जागच्या जागी पडत होतं.

त्याच वेळी साडू आणि ताई जिना चढून वर आले. ताईंनी खाट पाहिली आणि हंबरडा फोडायला तोंड उघडलं. मावशींनी झटकन त्यांचा हात धरला. "रडा नको गो बाय," त्या कुजबुजल्या. "आतला होवंदे आदी." म्हणजे आतलं होऊ दे आधी. ताई समजल्या की आत आंघोळ घालताहेत. त्या बहिणीच्या गळ्यात पडल्या. बायकोचं हसू तेव्हाच फुटायला आलं होतं. तिचे खांदे गदागदा हलायला लागले आणि ताईंना आता कसलीच शंका उरली नाही.

साडू दाराशी आले. गोधडीतून गिटार ऐकू येत होती. इकडे मी त्या मधल्या जागेशी पोचलो होतो, जिथे गिटार थांबते आणि साथ एकटी चालते. मी हात तारांवरून उचलला. आणि त्या मोकळ्या जागेत, दाराच्या पलीकडून, माइकपासून हातभर अंतरावर, साडूंचा आवाज आला. कारखान्याच्या गोंगाटात काम केलेला माणूस, त्याची कुजबुजसुद्धा जाड.

"त्याची आवडती कॅसेट लावलीत, बरं केलंत. काय हात आहे बघा त्या माणसाचा. आमच्या ह्याने सात जन्म घेतले असते तरी हे जमलं नसतं बिचाऱ्याला."

ज्या वाक्यासाठी वर्षभर बोटं सोलून घेतली ते वाक्य मिळालं होतं आणि त्याच्याच शेपटीला माझा अपमान बांधलेला होता. मला आजवर लोकांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. भांडखोर म्हटलं आहे, चिकट म्हटलं आहे. बिचारा मला कुणी म्हटलं नव्हतं. मी मेलो आहे हे तेव्हा मला समजलं नाही, फक्त भडका उडाला. एरवी मी कडी काढून बाहेर गेलो असतो. पण टेप फिरत होता. साथीचे मोजून ठेवलेले ठोके संपत आले होते. उठलो असतो तर धूनही गेली असती आणि वाक्यही. मी दात आवळले, सगळा राग डाव्या हातात आणला आणि तार ओढली. तो सूर आला. ना कोमल ना शुद्ध, बरोबर मधे, लोंबकळत, थरथरत. पहिल्यांदाच आला. शेवटची ओळ खाली उतरून मी सौदा मिटवला, टेप बंद केला आणि गिटार घेऊन दार उघडलं.

समोर सगळी गल्ली बसलेली. ताई मला बघून किंचाळल्या. आजोबांनी तोंडावरचा पंचा काढला आणि दुपारभर साठवलेला खोकला एकदम मोकळा केला. जिन्यावरून माहीतगार गृहस्थ बांबू घेऊन येत होते, ते मला पाहून थांबले आणि ठेवू कुठे, असं विचारते झाले.

साडूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गिटारीकडे. "म्हणजे कॅसेट संपली?" ते म्हणाले.

"कॅसेट नव्हती. मी वाजवत होतो."

"तुला तर बरं नव्हतं."

"मी बरा आहे."

"दिसतंय," साडू म्हणाले. त्यांचा चेहरा मुलुंडहून उगाच यावं लागलेल्या माणसाचा होता.

मी मावशींकडे वळलो. म्हटलं, मावशी, तुम्ही सुरुवातीपासून इथे आहात, सांगा यांना आत कोण वाजवत होतं.

मावशींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "माका गप रवाक सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी गप आसय."

कराराची मुदत संध्याकाळपर्यंत होती, हे खरंच होतं. मी दुसऱ्या साक्षीदाराकडे वळणार तेवढ्यात खाली चक्कीवाल्याने खटका ओढला. मी जिवंत आहे म्हटल्यावर त्याच्या मते करार संपला होता. जमीन थरथरायला लागली आणि पुढे कुणाचं कुणाला ऐकू आलं नाही. साडू अर्ध्या जेवणावरून उठले होते, त्यांनी पिठलं-भात जेवून घेतला. अंत्यविधीचं सामान दुकानदार परत घेत नाही, तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. बांबू मावशींनी कोकमांचं फडकं बांधायला नेला, मला न विचारता. पण जाताना साडू जिन्यात ताईंना म्हणाले ते बायकोने ऐकलं. कॅसेट लावून गिटार हातात घेऊन बाहेर आला, म्हणे, लोक काय वेडे आहेत?

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग ऐकलं आणि शांत झालो. सगळं होतं त्यात. धून होती, सूर होता, आणि मधल्या जागेत, लांबून आल्यासारखे पण ओळखू येतील असे, साडू होते. आता मला फसवून वाहवा काढायची गरज नव्हती. वाहवा कॅसेटवर होती. फक्त ती जरा मोठ्याने ऐकू यायला हवी होती.

सोमवारी गाळ्यात हेडफोन लावून मी मिक्सिंगला बसलो. गिऱ्हाइकाला सांगितलं, तपासणी बारीक आहे, वेळ लागेल. वाक्य आलं की बटण वर करायचं, संपलं की खाली. पण वाक्याच्या मागोमाग गिटार सुरू व्हायची आणि चढवलेल्या आवाजात ती फाटायची. म्हणून गिटार थोडी खाली घेतली. मग साथ वाक्यावर चढायला लागली, म्हणून साथही खाली घेतली. 'काय हात आहे' स्पष्ट झालं, पण 'त्या माणसाचा' अजून पुटपुटल्यासारखं होतं. पुन्हा कॉपी केली. प्रत्येक कॉपीत खरखर वाढत होती, मग साडूंना तिच्याही वर काढावं लागत होतं. 'सात जन्म' मी दाबून बघितलं, पण वाहवा आणि अपमान त्यांनी एका दमात म्हटले होते, मधे बोट घालायला जागा नव्हती. म्हटलं राहू दे. ऐकणाऱ्यालाच कळेल कोण तोंडघशी पडलं ते.

संध्याकाळी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "यात आता गिटार ऐकू येत नाही."

"वाक्य येतं?"

"वाक्य येतं. भाऊजी इथेच बसल्यासारखे."

"मग झालं."

माझ्याकडे बऱ्यापैकी कॅसेट एकच होती, बाकीच्या किरकोळ. शेवटची कॉपी चांगल्या कॅसेटवर असावी म्हणून मी ती तिच्यावरच घेतली. तिच्यावर आधी रविवारचं मूळ वादन होतं. पण माझ्या मते आता पक्का माल तयार होता, कच्चा ठेवून करायचं काय?

मंगळवारी मुलुंडला तीच सगळी माणसं होती. बारशाचं बाळ आता भिंत धरून चालत होतं. दोरीने बांधलेली खोकी दारात उभी होती. जेवणं झाली आणि मी काही न बोलता साडूंच्या डेकमध्ये कॅसेट घातली. हिरवे दिवे नाचायला लागले. आधी बराच वेळ खरखर आली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडत राहावं तशी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. खरखरीच्या तळाशी कुठेतरी, लक्ष देऊन ऐकलं तर, डास फिरल्यासारखं काहीतरी होतं. मग साडू गरजले. त्याची आवडती कॅसेट लावलीत, बरं केलंत. काय हात आहे बघा त्या माणसाचा. ते सात जन्मांपर्यंत बोलले आणि पुन्हा खरखर सुरू झाली.

खोलीत कुणी हसलं नाही. साडूंनी डेक बंद केला.

"आवाज माझा," ते म्हणाले. "नाकबूल नाही. पण हात कुठाय?"

मी म्हणालो, मागे आहे, नीट ऐका. त्यांनी पुन्हा लावली, स्पीकरला कान टेकवला. बाळानेही दुसऱ्या स्पीकरला कान टेकवला. मी स्वतः ऐकलं. डास होता. त्याला मी माझा हात म्हणू शकलो नाही. बायको म्हणाली, रविवारची मूळ कॅसेट लावा ना. मी म्हणालो, हीच ती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बारशाला हसली होती ते परवडलं. वाजवून दाखवावं तर गिटार घाटकोपरला.

साडूंनी कॅसेट बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि खिशात टाकली. "यात माझ्याशिवाय कुणीच नाही. ही मी नेतो."

"अशी नाही नेता येणार," मी म्हणालो.

"काय करणार तू तिचं? काही नाही तिच्यात."

इथे मी सावध झालो. काही नाही म्हणणारा माणूस जेव्हा वस्तू खिशातून काढत नाही, तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं काय आहे ते. साडूंनी आयुष्यात निरुपयोगी गोष्टीवर कधी हात ठेवला नव्हता. त्यांनी रविवारी दाराबाहेर उभं राहून जे ऐकलं होतं ते परदेशी कॅसेटचं नव्हतं, हे त्या क्षणी त्यांच्या खिशावर ठेवलेल्या हाताने मला सांगितलं. तोंडाने ते मेले तरी सांगणार नव्हते.

मी म्हणालो, बदल्यात ती मूळ परदेशी कॅसेट द्या. ते म्हणाले, वेडा आहेस का? मी चप्पल घालायला उठलो. दारापर्यंत गेलो, खोक्यांपाशी थांबलो. मागून हाक आली.

सौदा सगळ्यांसमोर झाला. ते बुधवारी माझी कॅसेट घेऊन गेले आणि मी त्यांची घेऊन घरी आलो. एक कोरी, खरखर भरलेली वस्तू देऊन डबीसकट परदेशी माल घेतला म्हणून बायकोचे भाऊ माझं कौतुक करत होते. पण त्या सौद्यात मी बुडालो, असं मला आजही वाटतं. माझी चांगली वाजलेली धून साडूंच्या आवाजाखाली गाडून मी त्यांच्याच हवाली केली आणि त्यांना तोंडाने काही म्हणावं लागलं नाही.

ती परदेशी कॅसेट माझ्याकडे अजून आहे. वाजवणारा मोठा असेल. सूर अगदी हवा तिथे लोंबकळवतो, न रागावता. पण मधली ती जागा आली, गिटार थांबली आणि साथ एकटी चालायला लागली की मला चुकल्यासारखं होतं. तिथे काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. मग मी खुर्चीतूनच म्हणतो, काय हात आहे बघा त्या माणसाचा. स्वयंपाकघरातून बायको म्हणते, भाऊजींचा आवाज जाड होता, आणि पुढचं विसरलात.

पुढचं मी म्हणत नाही.